आण्णांनी दोनदा फोडलेला कोबा

आमचे आण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, उंबरा ओलांडतात आणि उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटतात. मग मान वाकडी करून ऐकतात. घरचा माणूस 'या, बसा' म्हणत असतो, पाण्याचा तांब्या पुढे करत असतो, पण आण्णांचं तिकडं लक्ष नसतं. आवाज भरीव आला तर ते बसतात. पोकळ आला तर दोन पावलं सरकून पुन्हा टाच आपटतात आणि जिथं भरीव लागेल तिथंच बूड टेकतात. एका लग्नघरात अशी भरीव जागा सापडली ती नेमकी बायकांच्या घोळक्यात. आण्णा तिथं मांडी घालून बसले. बायका उठून गेल्या, आण्णा उठले नाहीत.

आण्णा म्हणजे माझे थोरले दीर. काष्टीच्या बाजाराला येणाऱ्या दहा-बारा गावांत त्यांनी सगळं आयुष्य एकच काम केलं, कोबा करण्याचं. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी कालवून घरात जमीन करायची, थापीने दाबायची आणि लोखंडी रंध्याने घोटून गुळगुळीत करायची. भिंत बांधायला बोलावलं तर जात नसत. म्हणायचे, "मानूस जलमल्यापास्नं जमिनीवर आसतंय. भिताडाला काय, कवातरी पाठ टेकतंय."

वाळू ते दाताने तपासतात. टेम्पोतून चिमूटभर उचलायची, तोंडात टाकायची, डोळे मिटून चावायची. कचकच आवाज स्वच्छ आला तर वाळू चांगली. जिभेला चिकटली तर मातीची, टेम्पो परत. आता त्यांच्या तोंडात चारच दात उरले आहेत, पण ते एकमेकांवर येतात, त्यामुळे वाळूचं काम भागतं. भाकरी दुधात कुस्करून खातात, वाळू मात्र कोरडी चावतात.

एकदा गावात एक म्हातारे वारले, तेव्हा आण्णा त्यांच्या घरी भेटायला गेले. बायका रडत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते. आण्णांनी हळूच सतरंजीचा कोपरा उचलला आणि खाली बघून मोठा उसासा टाकला. सगळ्यांना वाटलं, फार जीव होता म्हाताऱ्यावर. आण्णा म्हणाले, "पानी कमी मारलं. केवढी चिर गेलीया बघा." मेलेल्या माणसाच्या मुलानेही वाकून चीर बघितली. दहावं झाल्यावर त्याने आण्णांनाच ती बुजवायला बोलावलं.

टाइल्सचा त्यांना भयंकर राग. गावात आता ज्याच्या त्याच्या घरात टाइल्स आल्या. आण्णा अशा घरात पाऊलच टाकत नाहीत. बाहेर पायरीवर बसून चहा घेतात. आत बोलावलं तर म्हणतात, "ह्यो आरसा हाय. आरशावर काय पाय द्यायचा?"

आता मला माझंही एक सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आण्णा आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आण्णांची बायको लग्नानंतर चार वर्षांत वारली, दुसरी त्यांनी केली नाही. ते बाहेरच्या पडवीत राहतात, जेवण माझ्या हातचं. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्यावर आण्णांनी दारातल्या शेळीला मधे घेतलं. तिचं नाव चंद्री.

"चंद्रे, घरात सांग, आमटीत मीठ न्हाई."

मीही पदर पुढं ओढून आतून म्हणायची, "चंद्रे, सांग, मीठ वरून घ्यावं म्हणावं. डॉक्टरनं यांचं मीठ बंद केलंय."

आताची ही तिसरी चंद्री. नाव तेच ठेवलं आहे. आण्णांचं म्हणणं, निरोप्या सारखा बदलला की घरात घोटाळे होतात.

'यांचं' म्हणजे माझ्या मालकांचं. मालक आण्णांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. टेम्पो चालवायचे, कांदा भरून थेट मुंबईपर्यंत जायचे. दोन वर्षांपूर्वी सकाळी दात घासता घासता खाली पडले. डावी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. घरी आणलं तेव्हा डावा हात म्हणजे कुणी दुसऱ्यानेच मालकांच्या मांडीवर आणून ठेवल्यासारखा दिसायचा. डाव्या पायाला चिमटा काढला तरी कळायचं नाही.

मुलगी मंगल घोडेगावला दिली आहे. तिने चाकाची खुर्ची आणून दिली. खुर्ची चांगली होती, पण आमच्या दारातून आत जाईना. आत नेली असती तरी न्हाणीच्या दारातून गेली नसती. ती अंगणात उभी राहिली. तिच्यावर कोंबडी अंडी घालते.

सहा महिने मालक बाजेवरच होते. मग एके दिवशी ते स्वतः खाली उतरले. उजवा हात पुढं टाकायचा, उजवी टाच रोवायची आणि बाकीचं अंग ओढून घ्यायचं. असं करत ते बाजेपासून न्हाणीपर्यंत गेले. घामाने भिजले होते. मी हात द्यायला गेले तर ओरडले, "बाजूला हो! मी जातोय न्हवं?" त्या दिवसापासून ते रोज तसे जायचे. न्हाणीपर्यंत आणि परत. कधी अंगात बळ असलं तर दारापर्यंत, रस्ता बघायला. ज्या माणसाने घाट उतरताना कधी ब्रेकवर पाय ठेवला नाही, त्याच्याकडं स्वतःचं म्हणून एवढं एकच उरलं होतं. बाजेपासून न्हाणीपर्यंत दहा हात जमीन.

आणि ती जमीन खराब होती. तो कोबा आण्णांनीच पंचविशीत केलेला, त्यांचं पहिलं काम. आता त्याच्यावरचा घोट उडाला होता, खाली खडीचे दात वर आले होते, कितीही झाडलं तरी राखेसारखी भुकटी निघायची. मालक डावी मांडी त्याच्यावरून ओढत न्यायचे. मांडीला कळत नसल्यामुळे त्यांनाही कळायचं नाही. मला कळायचं ते लुंगी धुताना, पाणी लाल झालं की. मी गोणपाट अंथरलं, ते गोळा व्हायचं. सतरंजी टाकली, ती त्यांच्याबरोबरच सरकायची. जखमा भरायच्या आणि पुन्हा निघायच्या. डॉक्टर म्हणाले, एखादी चिघळली तर पाय काढावा लागेल.

मंगल फोनवर म्हणाली, "आई, टाइल्स टाकून घे. दोन दिवसांत होतंय."

मी चंद्रीला सांगितलं. बाहेरून आण्णांचा आवाज आला, "चंद्रे, सांग, टाइलवर हात घसरंल. कोबा व्हईल. मी करीन. आठ दिस."

मला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा टाइल्सचा राग. आण्णांचं वय चौऱ्याहत्तर, चहाची कपबशी हातात धरली तर वाजते. पण थोरल्या दिराला नाही कोण म्हणणार, आणि तेही शेळीकडून?

दिवाळी झाल्यावर मालकांची बाज गोठ्यात हलवली. भांडी, कणगी, सगळं बाहेर आलं. अंगणात चूल मांडली. गोठ्यात खाली दगड आणि शेण, तिथं मालकांना उतरता येईना. मी पुन्हा बाजेवरच भांडं द्यायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "आठच दिवस."

आण्णांनी छिन्नी आणि हातोडी घेतली आणि सगळ्या जुन्या कोब्याला टोचे मारायला सुरुवात केली. जुन्यावर नवीन धरायचं तर आधी जुनं खरवडावं लागतं. त्यातच दहा दिवस गेले. मग वाळू. शेजारचे शब्बीरभाई टेम्पोने वाळू आणायचे. आण्णांनी तीन टेम्पो चाखून परत पाठवले. चौथ्या वेळी शब्बीरभाई म्हणाले, "आण्णा, या येळेला मीच खाऊन बघितली हाय. गोड लागतीया."

"तुला काय कळतंय? तुझं सगळं दात हायेत."

कोबा झाला. दिसायला असा, की बोट लावायचा धीर होईना. मी मनात म्हटलं, सुटलो. आण्णांनी पाणी मारलं, पाच-सहा दिवस जाऊ दिले आणि मग दार आतून लावून घेतलं. म्हणाले, वारा लागला तर चिरा जातात. दोन दुपारी ते एकटेच आत. तिसऱ्या दिवशी आतून हातोडीचे आवाज यायला लागले. मी धावत दारापर्यंत गेले, तर आण्णा नवा कोबा फोडत होते.

मला रडू आलं. मी म्हटलं, "चंद्रे, विचार, हे काय चाललंय?"

आण्णा घाम पुसत म्हणाले, "चंद्रे, सांग, चुकलं."

एवढंच. काय चुकलं, ते नाही. गावात बातमी पसरली की म्हाताऱ्याला भ्रम झाला. लोक मुद्दाम बघायला यायचे. आण्णांनी पुन्हा माल कालवला, पुन्हा घोटला, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा दार लावून आत बसले. बाहेर आले तेव्हा लंगडत होते, धोतराला डाव्या बाजूला सगळी सिमेंटची धूळ. मला वाटलं, एका कुशीवर बसून काम करत असतील. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडी! या वेळी सगळा नाही, अर्धाच फोडला.

शब्बीरभाई म्हणाले, "आण्णा, एवढ्यात धरण बांधून झालं आसतं."

आण्णा म्हणाले, "धरनाला काय, नुसतं पानी आडवायचं आसतंय."

तोवर थंडी पडली होती. गोठ्यात वारा यायचा. मी मालकांवर दोन गोधड्या टाकायची, रोज मांडीला तेल लावायची. जखमा भरल्या होत्या, त्याचं मला बरं वाटायचं. दुसरं काय होत होतं, तिकडं माझं लक्ष नव्हतं. भांडं दिलं की आता ते डोळे मिटत नसत. हाका मारणं कमी झालं. उजवा पाय बारीक झाला. मी आण्णांवर मनातल्या मनात एवढी चिडलेली होते की मला दुसरं काही दिसत नव्हतं. एकदा तर मी चंद्रीला म्हटलं, "सांग त्यांना, मानसाला गोठ्यात टाकून कसला कोबा करता? हट्ट कशाचा हाय? जन्मभर लोकांच्या जमिनी केल्या, घरच्या मानसाची दया न्हाई."

 त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

तिसऱ्यांदा कोबा झाला तेव्हा मी बघायलाही गेले नाही. आण्णांनी उंबऱ्याला चिकणमातीचं आळं केलं आणि आत बोटभर पाणी भरून ठेवलं. पंधरा दिवस घरात पाणीच पाणी. मालकांना मी गोठ्यातूनच उशीला टेकवून दाखवलं, "बघा, अकोले तालुक्यातल्या भाताच्या खाचरावानी दिसतंय."

ते म्हणाले, "रोपं लाव." गोठ्यात असताना ते एवढंच हसले.

संक्रांतीला बाज आत आली. शब्बीरभाई आणि आणखी तिघांनी उचलली. घरात पाऊल टाकलं आणि मी क्षणभर सगळा राग विसरले. करड्या रंगाची जमीन, तापवून निवलेल्या दुधावर साय धरावी तशी. भिंतीला समांतर, बाजेपासून न्हाणीपर्यंत, हातभर रुंदीचे दोन खरबरीत पट्टे दिसत होते आणि त्यांच्या मधे गुळगुळीत. मला वाटलं, म्हाताऱ्याचे हात थरथरतात, घोटायचं राहिलं असेल. 

आण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. घरात चार माणसं, पण त्यांचं लक्ष फक्त मालकांच्या तोंडाकडं. मालकांनी मान वळवून खाली बघितलं.

"बरा झालाय," ते म्हणाले.

"उतरता का?" मी विचारलं.

"नको. भांडं दे." आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला वाटलं, आज दमले असतील. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. शेवटी ते म्हणाले, "कशाला छळतीस? न्हाई व्हत आता." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे बोलले, हिशोब मिटवल्यासारखं. तेव्हा मला कळलं. अडीच महिने आम्ही जमीन बरी करत होतो आणि तेवढ्यात त्या जमिनीवर उतरणारा माणूस आमच्या हातून गेला होता. त्याला दोष तरी कुणाला द्यायचा? भांडं तर मीच देत होते.

आण्णा रोज सकाळी बाहेरून विचारायचे, "चंद्रे, उतरला का?" मी म्हणायची, "चंद्रे, न्हाई म्हनून सांग." मग ते विचारायचेही बंद झाले. गावातही कुठं जाईनात.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी दळण घेऊन गिरणीतून येत होते. गिरणीची वीज गेली होती म्हणून थोडं थांबून, मग तशीच अर्धं दळण घेऊन लवकर परतले. घराच्या मागच्या बाजूने आले तर खिडकीतून आण्णांचा आवाज आला. आण्णा कधी आतल्या खोलीत बसत नाहीत. मी खिडकीशी थांबले.

आण्णा खाली जमिनीवर होते. डावा हात त्यांनी पंच्याने अंगाशी बांधून टाकला होता. डावा पाय मेल्यासारखा सोडला होता. उजवा हात पुढं टाकून, उजवी टाच रोवून ते न्हाणीकडं सरकत होते. अगदी मालक सरकायचे तसे. मधे थांबून धाप टाकायचे आणि बाजेकडं बघून बोलायचे.

"हे बघ, हितं हात पडतो. हितं वल्या कोब्यावर गोनपाट दाबून काढलंय. पकड मिळती. अन् मांडी येती ती ह्या मधल्या घोटावरनं. आपसूक सरकती. बघतुयास का?"

मालकांचं तोंड भिंतीकडंच होतं.

"पयल्यांदा सगळाच घोटला, तर हात घसराय लागला. म्हून फोडला. मग जायाची पट्टी केली, अन् यायची इसरलो. जाताना उजवा हात भिताडाकडं येतो, येताना इकडं. एवढं बी डोक्यात आलं न्हाई माज्या. हितनं मागं फिरलो तवा कळलं. जलमभर कोबं केलं अन् मानूस परत येतो ह्येच ध्यानात न्हाई."

ते न्हाणीच्या दारापर्यंत गेले. तिथं वळायला त्यांना फार वेळ लागला. धोतर गुडघ्याच्या वर सरकलं होतं आणि डाव्या मांडीवर बाहेरून जुन्या खरचटण्याचे काळे वण होते, लांबच लांब. पहिल्या कोब्याचे, दुसऱ्या कोब्याचे. दार लावून आत बसायचे ते यासाठी.

मालकांनी मान वळवली. त्यांनी ती मांडी बघितली. मग म्हणाले, "आण्णा, उठ. लागंल तुला."

"मला लागतंय म्हून तर बरं. तुला कळत न्हाई कुटं लागतं. कुनीतरी बघाय नको का?"

एवढं बोलून आण्णा पुन्हा सरकायला लागले, परतीच्या पट्टीवर हात टाकत. बाजेपाशी पोहोचले तेव्हा त्यांचा श्वास खिडकीपर्यंत ऐकू येत होता. बाजेच्या कडेच्या लाकडी गाताला डोकं टेकवून ते तसेच बसले. मालक त्यांच्या टकलाकडं बघत होते. 

डोक्यावर पिठाचा डबा घेऊन मी मागच्या मागं वळले आणि शब्बीरभाईंच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोशी उगीच बोलत बसले.

मालक त्या दिवशी खाली उतरले नाहीत. काल उतरले नाहीत, आजही नाही. पण आण्णा रोज दुपारी एक फेरी जातात, न्हाणीपर्यंत आणि परत. ती वेळ माझी बाहेर जायची असते, हे त्यांनी कधी बघून ठेवलं कोण जाणे. मला आता दुपारी रोज काहीतरी काम निघतं. गिरणीत नाहीतर दुकानात. आणि येताना मी जरा हळू चालते.